मिनीव्हॅनचे मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणे

शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा मोटारीच्या सस्पेन्शनमधील, म्हणजे चाके व गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या लवचीक रचनेतील एक भाग आहे. मराठीत त्याला धक्काशोषक असे म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र ‘शॉकअप’ हाच शब्द रूढ आहे. स्प्रिंग दबून मोकळी झाल्यावर गाडी वरखाली होत राहू नये, हे या भागाचे मुख्य कार्य होय. कुटुंबाच्या वापरातील मिनीव्हॅनमध्ये मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बरची जोडी तुलनेने लवकर निकामी होते. अनेक प्रकारच्या व्हॅनमध्ये ती घरच्या घरी, मोजक्या हत्यारांनी बदलता येते. काम यांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. त्यातील खरा धोका गाडी उचलून धरण्यात आहे.

नाव आणि कार्य

‘धक्काशोषक’ हे नाव इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर असल्यामुळे मूळ नावातील गैरसमजही त्याच्याबरोबर मराठीत आला आहे. रस्त्यावरील खड्ड्याचा धक्का प्रथम टायर आणि स्प्रिंग घेतात. स्प्रिंग ही ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. तिला एकटे सोडले, तर एका गतिरोधकानंतर गाडी बराच वेळ डोलत राहील. हे डोलणे थांबविण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. म्हणून ब्रिटिश अभियंते त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात. मराठीत ‘दोलनशामक’ हा शब्द अर्थाला अधिक जवळचा ठरला असता. पण रूढ झालेला शब्द बदलणे हे शॉकअप बदलण्याहून अवघड असते.

सध्याचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे तेलाने भरलेले एक बंद नळकांडे. त्यात दांडीला जोडलेला दट्ट्या सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि पातळ पत्र्यांच्या झडपा असतात. दट्ट्या सरकताना तेल या छिद्रांतून बळाने ढकलले जाते, त्याला विरोध होतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. खराब रस्त्यावरून आल्यानंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बरला हात लावल्यास तो गरम लागतो, त्याचे कारण हेच. सामान्यतः तो दबताना कमी आणि ताणला जाताना अधिक विरोध करील अशी झडपांची रचना केलेली असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गाडीचे वजन शॉक अ‍ॅब्सॉर्बर पेलत नाही. ते स्प्रिंग पेलते. गाडी मागून कायमची खाली बसलेली दिसत असेल, तर दोष बहुधा स्प्रिंगमध्ये असतो आणि नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून तो जात नाही. या गैरसमजामुळे पुष्कळांचा खर्च वाया जातो.

अल्प इतिहास

फ्रान्समधील त्रुफो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर्षणावर चालणारे साधन तयार केले. त्यात एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या दोलन शमवीत. त्यानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोरिस उदाय यांचे तेलावर चालणारे, तरफेच्या हाताचे साधन आले. आज सर्वत्र दिसणारा दुर्बिणीसारखा सरकणारा प्रकार पुढे रूढ झाला. फ्रेंच अभियंता बुर्सिये द कार्बों यांनी १९५० च्या दशकात एकाच नळीत तेल व दाबाखालील वायू वेगळे ठेवणारी रचना विकसित केली. भारतात गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ पासून या क्षेत्रात आहे. तिचे चाकण व नाशिक येथे कारखाने आहेत.

मिनीव्हॅनच्या मागील बाजूची रचना

मिनीव्हॅन हा शब्द अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या डॉज कॅरव्हॅन व प्लिमथ व्हॉयेजर या गाड्यांमुळे रूढ झाला. त्या १९८४ च्या श्रेणीतील गाड्या म्हणून बाजारात आल्या. योगायोगाने त्याच वर्षी भारतात मारुती व्हॅन आली. १९८८ पासून ती ओम्नी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. टोयोटाची इनोव्हा २००५ मध्ये आली. मारुतीची अर्टिगा ही त्याच कौटुंबिक वर्गातील आणखी एक गाडी.

या गाड्यांच्या मागील भागांची रचना एकसारखी नाही, आणि कामाची पद्धत या फरकावरच अवलंबून असते. ओम्नीमध्ये दोन्ही मागील चाकांना जोडणारा अखंड आस असतो आणि तो पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘पाट्यांवर’, बसविलेला असतो. पाटे आसाला जागेवर धरूनही ठेवतात. मूळच्या इनोव्हामध्ये अखंड आसच आहे. परंतु स्प्रिंग गुंडाळीची असून आसाला दांड्यांनी जखडलेले असते. अर्टिगामध्ये पिळाला विरोध करणारी तुळई आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. तिन्ही रचनांमध्ये मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगपासून वेगळा उभा असतो. म्हणून तो काढताना स्प्रिंग दाबून धरणारे विशेष हत्यार लागत नाही.

याउलट, पुढील चाकांना बहुधा स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात गुंफलेले असतात. काही गाड्यांत मागेही तशी रचना आढळते. अशा खांबातील दबलेली स्प्रिंग अचानक सुटल्यास प्राणघातक ठरू शकते. त्या खांबाचा वरचा मधला नट घरी कधीही सोडवू नये. प्रस्तुत लेखातील वर्णन फक्त वेगळ्या उभ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला लागू आहे.

झीज आणि तिची लक्षणे

प्रवासी मोटारीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा डोलतो, तर चाक व आस यांचे स्वतःचे कंपन सेकंदाला १० ते १५ वेळा होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरला या दोन्हींना आवर घालावा लागतो. दोलन किती लवकर शमते ते अवमंदन गुणोत्तराने मोजतात. प्रवासी गाड्यांत ते बहुधा ०.२ ते ०.४ च्या दरम्यान राखले जाते. समजा, ते ०.३ आहे आणि गाडीचा मागील भाग ५ सेंटिमीटर खाली दबून सुटला. एका पूर्ण आंदोलनानंतर हेलकावा सुमारे ०.७ सेंटिमीटर उरतो. प्रवाशाला तो जाणवतही नाही. झिजून हे गुणोत्तर ०.१ वर आले, तर एका आंदोलनानंतर २.७, दोहोंनंतर १.४ आणि तिसऱ्यानंतर कोठे ०.७५ सेंटिमीटर उरते. एका खड्ड्याचे तीन हेलकावे होतात, आणि तेवढ्यात पुढचा खड्डा आलेला असतो.

हा परिणाम मिनीव्हॅनमध्ये अधिक तीव्र असतो, याचे कारण भाराच्या चढउतारात आहे. सकाळी एकटा चालक घेऊन निघालेली व्हॅन सायंकाळी सात-आठ माणसे व सामान वाहते, आणि वाढलेल्या भाराचा मोठा वाटा मागील आसावर पडतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर व स्प्रिंग त्याच असताना मागील भार दुप्पट झाला, तर अवमंदन गुणोत्तर सुमारे ०.७ पटीवर येते. म्हणजे नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे ०.३ हे ०.२१ होते, आणि झिजलेल्याचे ०.१५ हे ०.१० च्या आसपास घसरते. रिकाम्या गाडीत चालून जाणारा दोष भरलेल्या गाडीत, तोही घाटाच्या वळणावर, एकदम प्रकट होतो.

चाक रस्त्यावर सतत टेकलेले राहिले तरच टायरची पकड टिकते. झिजलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळे चाक उसळू लागते आणि टायरवरील दाब क्षणोक्षणी कमीजास्त होतो. परिणामी ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते, आणि ओल्या रस्त्यावर मागील बाजू घसरण्याची शक्यता वाढते. दुर्दैवाने ही झीज इतकी सावकाश होते की रोज गाडी चालविणाऱ्याला ती कळत नाही. त्याचा हात नकळत सरावतो. बऱ्याच दिवसांनी गाडीत बसलेला पाहुणाच अनेकदा आधी विचारतो, “गाडी एवढी का डोलते?”

पाहण्यासारखी लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत. नळकांड्यावरून तेलाचे ओघळ आलेले असणे हे निकामी झाल्याचे निश्चित चिन्ह होय. केवळ तेलाचा पातळ ओलावा असेल, तर तो नैसर्गिक मानला जातो. टायरवर हात फिरविल्यास आलटूनपालटून उंचवटे व खोलगट भाग लागणे, दांडी वाकलेली किंवा ओरखडलेली असणे, कडीतील रबरी बुश फाटून खडखड आवाज येणे, हीही लक्षणे आहेत. मात्र टायरची अशी झीज चाकाच्या असमतोलामुळे किंवा बेअरिंगमधील सैलपणामुळेही होऊ शकते. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची जुनी परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. दीड आंदोलनाहून अधिक वेळ गाडी हलत राहिली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेला असे समजतात. परंतु या परीक्षेत पूर्णपणे निकामी झालेलाच सापडतो. हाताच्या दाबाची गती रस्त्यावरील गतीच्या मानाने फार कमी असते. तपासणी केंद्रांत चाकाखालील पट्टी सेकंदाला २५ वेळा कंपित करून टायरचा किमान दाब मोजणारी यंत्रे वापरतात, ती याच कारणासाठी. काही उत्पादक ८०,००० किलोमीटरच्या आसपास शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावेत असे सुचवितात. खड्डे व गतिरोधक यांच्या रस्त्यांवर तो काळ त्याआधीच येऊ शकतो.

गाडी उचलणे

ओम्नी, मूळची इनोव्हा आणि क्रिस्टा या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागील चाकांना जाते. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवली, तर ती मागील चाकांनी धरली जाते. हँडब्रेकही मागील चाकांवरच चालतो. म्हणजेच मागील दोन्ही चाके जमिनीवरून उचलली की गिअर आणि हँडब्रेक ही दोन्ही साधने एकाच क्षणी निरुपयोगी होतात, आणि गाडी पुढील दोन मोकळ्या चाकांवर उभी राहते. किंचित उतार असला तरी ती सरकून जॅकवरून खाली येऊ शकते. मागील एकच चाक उचलले तरी गिअरवर भिस्त ठेवता येत नाही, कारण डिफरन्शिअलमुळे उचललेले चाक उलट फिरून दुसऱ्याला मोकळीक देते. अर्टिगासारख्या पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत गिअर पुढील चाके धरून ठेवतो. म्हणून तेथे परिस्थिती थोडी बरी असते. इनोव्हा हे नाव पाहूनही निष्कर्ष काढू नये. त्याच मालिकेतील हायक्रॉस ही पुढील चाकांनी चालणारी गाडी आहे.

यास्तव पुढील दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडाचे मजबूत ठोकळे लावणे ही कामाची पहिली पायरी होय. जमीन सपाट व कठीण असावी. मातीच्या अंगणात किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर जॅक हळूहळू रुततो. गाडीबरोबर मिळणारा जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. गाडीचा भार पेलण्याची क्षमता ज्यावर नोंदलेली आहे असे लोखंडी स्टँड जोडीने वापरावेत. विटांचा थर किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे हा त्यांना पर्याय नव्हे. वीट दबावाखाली वाकून इशारा देत नाही; ती एकदम फुटते.

अखंड आसाच्या गाडीत, उत्पादकाच्या पुस्तिकेची अनुमती असल्यास, स्टँड थेट आसाखाली स्प्रिंगच्या जवळ लावणे सोयीचे असते. त्यामुळे गाडीचे वजन स्प्रिंगवरच राहते आणि आस लोंबकळत नाही. स्टँड सांगाड्याखाली लावावे लागले, तर आसाखाली वेगळा जॅक हलकेच टेकवून ठेवणे अत्यावश्यक आहे. गुंडाळीच्या स्प्रिंगच्या अनेक गाड्यांत आस खाली किती जाईल हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरच रोखून धरतो. तो सोडविताच आधार नसलेला आस खाली कोसळतो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि स्प्रिंग जागा सोडू शकते. गाडी स्टँडवर आल्यावर तिला बाजूने ढकलून ती स्थिर आहे ना ते पाहावे. चाक काढले असल्यास ते सांगाड्याच्या कडेखाली आडवे ठेवावे. स्टँड सरकलाच तर तेवढी पोकळी शिल्लक राहते. काम एकट्याने करू नये, आणि लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

जुना काढणे

एका आसावरील दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच वेळी बदलतात, परंतु सोडवितात एकामागून एक. एक बाजू जागेवर असली की आसाला तिचा आधार राहतो आणि वॉशर व बुश यांचा क्रम पाहण्यास नमुनाही मिळतो.

खरी झुंज असते ती गंजलेल्या बोल्टशी. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाड्यांमध्ये ती विशेष अवघड होते. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडविणारे तेल सोडावे आणि सकाळी पुन्हा एकदा सोडावे. लांब दांड्याचा पाना सावकाश, वाढत्या जोराने ओढावा. गाडी उचललेली असताना पान्याला झटके देऊ नयेत. काही गाड्यांत वरचा नट सांगाड्याला जोडलेला असतो. तो तुटल्यास जोडकामाशिवाय इलाज नसतो, हे आधीच जाणून जोर लावावा. ज्योतीने बोल्ट तापविण्याचा उपाय घरी निषिद्ध समजावा. जवळच इंधनाची टाकी असते, आणि वायूभरित नळकांडे तापल्यास फुटू शकते.

वरचा जोड दोन प्रकारचा असतो. कडी व आडवा बोल्ट असल्यास विशेष अडचण येत नाही. उभ्या दांडीवर नट असल्यास नटाबरोबर दांडीही फिरू लागते. दांडीच्या टोकाला चपटा भाग असतो, तो दुसऱ्या पान्याने धरावा. दांडीचा गुळगुळीत भाग पकडीने धरू नये. जुन्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या बाबतीत हे चालून जाईल. पण तीच सवय नव्यावर गेल्यास दांडीला पडलेला एक ओरखडा तेलाचे सील कापतो आणि नवा भाग थोड्याच दिवसांत गळू लागतो. खालचा बोल्ट अडकून बसल्यास आसाखालील जॅक किंचित वरखाली केला की त्यावरील ताण जातो आणि तो हाताने निघतो.

नवा बसविणे

नवा व जुना शेजारी ठेवून कडीचा व्यास, बुशची रुंदी, मिटलेली व ताणलेली लांबी जुळते ना ते पाहावे. झीज झालेल्या जुन्याची ताणलेली लांबी मात्र बदलत नाही. फरक आढळल्यास भाग चुकीचा आहे. साधा तेलाचा, दुहेरी नळीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर दुकानात आडवा पडून राहिल्याने आतील नळीत हवा शिरते. तो गाडीत ज्या स्थितीत बसणार त्या स्थितीत उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे हवा निघून जाते आणि विरोध एकसारखा लागतो. वायूभरित प्रकार पट्टीने मिटवून बांधलेला येतो. त्याचे वरचे टोक बसेपर्यंत पट्टी कापू नये, कारण ती कापताच दांडी जोराने बाहेर येते.

वरचे टोक आधी, खालचे नंतर. बोल्ट प्रथम हाताने फिरवून आटे नीट बसल्याची खात्री करावी.

यानंतरची बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. कडीतील रबरी बुश आतील व बाहेरील नळीला घट्ट चिकटलेला असतो आणि हालचाल रबराच्या पिळातून होते. आस लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि तो लवकर फाटतो. म्हणून अखेरचे आवळणे गाडीचा भार चाकांवर किंवा आसाखालील स्टँडवर असतानाच करावे. किती आवळायचे तो आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असल्याने तिच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि त्यासाठी बल मोजणारा पाना वापरावा. उभ्या दांडीवरील नटाच्या बाबतीतही रबर चेपून बाहेर येईपर्यंत आवळण्याची गॅरेजमधील सवय चुकीची आहे.

गाडी खाली घेतल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळावेत, ब्रेकची नळी कोठे घासत नाही ना ते पाहावे आणि रिकाम्या रस्त्यावर कमी वेगाने गाडी चालवून आवाज ऐकावा. काही दिवसांनी बोल्ट पुन्हा तपासावेत. अखंड आसाच्या गाडीत या कामामुळे मागील चाकांचे कोन बदलत नाहीत. त्यामुळे केवळ त्यासाठी अलाइनमेंट करून घेण्याची गरज नसते.

जुन्या भागाची विल्हेवाट

काही ठिकाणी जुन्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला छिद्र पाडून, नवे तेल भरून आणि छिद्र जोडकामाने बंद करून तो परत देतात. मूळ तेलाची घनता व झडपांची झीज यांचा विचार न करता केलेला हा उपाय कौटुंबिक गाडीसाठी स्वीकारार्ह नाही. वायूभरित नळकांड्यात दाब असल्यामुळे त्याला घरी छिद्र पाडू नये किंवा ते आगीत टाकू नये. गळालेले तेल जमिनीत वा गटारात न ओतता भुसा किंवा वाळू टाकून टिपून घ्यावे. जुनी जोडी भंगारात देताना ती वायूभरित आहे हे घेणाऱ्यास सांगावे, कारण तो ती कापणार असतो.